बिरुद मिळालं, वाचक कुठे?

२०२२ मध्ये २८ नोव्हेंबरला, सोमवारी, गुगलच्या डूडलवर कवयित्री औशा झळकली आणि दुबई-शारजातल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तिचं चित्र फिरलं. त्याच आठवड्यात शुक्रवारी संयुक्त अरब अमिरातींचा राष्ट्रीय दिन उजाडला, आतषबाजीचे व्हिडिओ आले आणि औशा स्क्रीनवर वर सरकत दिसेनाशी झाली. औशा बिंत खलिफा अल सुवैदी : जन्म १९२०, अल ऐन, मृत्यू २०१८, दुबई. एवढं सगळ्यांनी वाचलं. तिची एखादी कविता मात्र कुणी वाचली असेल, असं वाटत नाही.

औशाची कविता नबाती, म्हणजे बोलीभाषेतली. शाळेत आणि वर्तमानपत्रात चालणाऱ्या प्रमाण अरबीच्या पंडितांनी या कवितेला बराच काळ ओसरीवर बसवलं. आपल्याला यात नवल वाटायला नको. संस्कृताच्या दबदब्यात महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा टिकल्या, कारण हाल सातवाहनासारख्या राजाला त्या गोळा कराव्याशा वाटल्या. अमिरातींत तर राजेच या बोलीत कविता करू लागले. देशाचे संस्थापक शेख झायेद नबातीत रचना करत. दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन राशिद यांनी तरुणपणी टोपणनावांनी वृत्तपत्रांकडे कविता धाडल्या. राजपुत्राची म्हणून नव्हे, बरी वाटली तर छापा, हा त्यामागचा हेतू.

या कवितेचे नियम कडक आहेत. ओळीचे दोन भाग पडतात. बहुतेक रचनांत पहिल्या भागांचं यमक एक, दुसऱ्या भागांचं दुसरं, आणि दोन्ही शेवटपर्यंत निभवायची. कुणी कविता धाडली तर तिचं उत्तर त्याच वृत्तात, त्याच यमकांत द्यायचं. कलगी-तुऱ्याचा फड ज्याने ऐकलाय, त्याला यातली चुरस वेगळी सांगायला नको. इथे फडाच्या जागी मजलिस, म्हणजे बैठक, आणि तीही पुरुषांची. औशा त्या चुरशीत उतरली आणि नावाजलेल्या कवींच्या पंक्तीत मानाने बसली. तिला आधी ‘फतात अल खलीज’ म्हणत, म्हणजे आखाताची कन्या. १९८९ मध्ये शेख मोहम्मद यांनी आपला काव्यसंग्रह तिला अर्पण केला आणि बिरुद वाढवून ‘फतात अल अरब’ केलं. आखात मागे पडलं, अख्ख्या अरबस्तानाची कन्या झाली.

बिरुदाचा झगमगाट जरा बाजूला सारून पाहू. खानदानी घरातल्या बाईला कवितेसाठी लागणारी फुरसत आणि श्रोते घरातच मिळतात. नाव चारचौघांत घ्यायची वेळ आली की तेच घर आड येतं. जर्मनीतही असंच झालं. आनेटे फॉन ड्रोस्टे-हुल्सहोफ (१७९७-१८४८) ही वेस्टफालियातल्या सरदार घराण्यातली, म्युन्स्टरजवळच्या गढीत जन्मलेली. १८३८ मध्ये तिचा पहिला संग्रह आला तेव्हा मुखपृष्ठावर आडनावाची फक्त आद्याक्षरं होती. उमरावाच्या लेकीचं नाव बाजारात नको. पुढे तिचाच चेहरा वीस मार्कच्या नोटेवर आला आणि युरो येईपर्यंत खिशाखिशांत फिरला.

अमिरातींत याहून भयानक गोष्ट सांगतात. तीनेकशे वर्षांपूर्वीचा इब्न झाहिर हा इथल्या नबाती कवितेचा आद्य पुरुष. मुलगी आपल्यापेक्षा सरस कविता करते हे कळल्यावर त्याने तिची जीभ छाटली, अशी दंतकथा आहे. खरं-खोटं सोडा, लोकांना ही गोष्ट रचावीशी वाटली, एवढं पुरे. अशा मुलखात औशाला जीभही राहिली आणि राजाची शाबासकीही मिळाली, हे थोडं नव्हे.

पण औशाची कविता आज हाताशी आहे ती शाबासकीमुळे नव्हे, संकलकांमुळे. मुखोद्गत रचना कुणीतरी टिपून घ्याव्या लागतात. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी जपल्या आणि अत्र्यांनी धसास लावल्या, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. औशाचा दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, हमद बू शिहाब या कवी-अभ्यासकाने सिद्ध केला. पुढे ते काम हाती घेतलं डॉ. रफिया घुबाश यांनी, आणि माझ्या लेखी या गोष्टीची खरी नायिका त्याच.

घुबाश पेशाने मनोविकारतज्ज्ञ. बहारीनच्या अरेबियन गल्फ युनिव्हर्सिटीच्या त्या अध्यक्ष होत्या. परदेशी पाहुणे इथल्या बायकांना मुकं समजतात, याची त्यांना चीड होती. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी देरातल्या गोल्ड सूकच्या गल्लीबोळात, ‘बैत अल बनात’ म्हणजे ‘मुलींचं घर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वास्तूत, २०१२ मध्ये स्त्रियांचं संग्रहालय उघडलं. व्यापारी, शिक्षिका, वैदू बायका, सगळ्यांची कागदपत्रं आणि चीजवस्तू तिथे आहेत, आणि औशासाठी स्वतंत्र दालन आहे. आपली माणसं बर दुबईहून एक दिरहमाच्या अब्रा नावेत बसून खाडी ओलांडतात, मंगळसूत्राच्या वाट्यांचा भाव करतात आणि चार पावलांवरच्या या दारावरून तशीच परततात.

शारजाच्या अभिजात काव्य महोत्सवात औशाचा गौरव झाला २०१० साली, वयाच्या नव्वदीत. पुढच्या वर्षी अमिराती कवयित्रींसाठी तिच्या नावे वार्षिक पुरस्कार सुरू झाला. ती मात्र नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच कवितेतून निवृत्त झाली होती. त्यानंतर लिहिली ती प्रेषितांची स्तुती. पुरस्कारांबद्दल तक्रार नाही. पण बिरुद देणारे राजे, बक्षीस देणारे राजे आणि कवीही राजेच, तर ‘ही कविता फसली आहे’ असं म्हणायला उठायचं कुणी? गौरव भरपूर आणि परखड वाचन कमी, हे कुठल्याही कवीचं नुकसानच. औशासारख्या कसलेल्या बाईचं तर जास्तच.

बाहेरच्यांनी हे वाचन सुरू केलंय. क्लाइव्ह होल्स आणि सैद सलमान अबू अथेरा यांनी २०११ मध्ये अमिरातींतल्या नबाती कवितेवर इंग्रजीत पुस्तक काढलं. डच राजदूत राहिलेले मार्सेल कुर्पेरशूक यांनी २०२२ मध्ये इब्न झाहिरच्या रचना इंग्रजीत आणल्या. मग मराठीने का मागे राहावं? इथल्या भारतीय शाळांत आपली मुलं वर्षानुवर्षं अरबी शिकतात आणि दहावीनंतर विसरतात, कारण मार्कांपलीकडे तिचं काय करायचं हे त्यांना कुणी सांगत नाही. मराठी मंडळांनी पुढच्या कविसंमेलनाला पुण्या-मुंबईहून कवी जरूर बोलवावेत. त्यांच्या शेजारी एका अमिराती कवयित्रीला बसवावं, तिची एक कविता आपल्याच मुलांकडून मराठीत करून घ्यावी आणि आवडली नाही तर तसं मोकळेपणी सांगावं. औशाला कन्या म्हणणारे पुष्कळ झाले, आता तिला कवी म्हणून तपासणारे हवेत.