मीटर फुल, उपग्रह चुकीचा : आरव्हीजवळ छत्री लावताना मिळालेला धडा

पीएचडीला नुकतेच लागलेले किंवा लागायच्या विचारात असलेले बरेच जण विचारतात, "फील्डवर्कमध्ये नेमकं काय चुकतं?" आज माझीच एक चूक सांगतो. चूक टीव्हीच्या छत्रीची आहे, पण धडा कुठल्याही विषयाला लागू पडेल.

आमचा गट पावसाचा उपग्रहाच्या सिग्नलवर काय परिणाम होतो ते मोजतो. जोराच्या पावसात घरच्या टीव्हीचं चित्र अडकतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी थेंबांमुळे क्षीण होतात. मग उलटा विचार करायचा : सिग्नल किती पडला यावरून वाटेत किती पाऊस होता याचा अंदाज काढायचा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, टीव्हीची साधी छत्रीही चालते. एका उन्हाळ्यात आम्ही भाड्याची आरव्ही घेऊन अमेरिकेत युटा राज्यातल्या मोआबजवळ मुक्काम केला. आरव्ही म्हणजे आत पलंग, ओटा, संडास असलेली घरगाडी. छत्री लावायचं काम माझ्याकडे होतं.

घरची छत्री आणि आरव्हीची छत्री

पुण्यातल्या गच्चीवर डीटीएचवाला येतो, छत्री एकदा लावतो आणि वर्षानुवर्षं कोणी तिला हात लावत नाही. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून आपल्याला ते एकाच जागी दिसतात. आरव्हीचं मात्र तसं नाही. गाडी हलली की आकाशातली उपग्रहाची जागा बदलते.

अमेरिकेत डिश नेटवर्कचे उपग्रह ११०, ११९ अंश पश्चिम अशा जागांवर आहेत. पूर्वेकडच्या राज्यांसाठी ६१.५ आणि ७२.७ अंश पश्चिम या जागा वापरतात. का, ते गणित सांगतं. ११९ अंशाचा उपग्रह मोआबहून क्षितिजापासून ४४ अंश वर दिसतो, तर ईशान्य टोकाच्या मेन राज्यातल्या अकेडिया उद्यानातून जेमतेम १८.६ अंश. छत्रीपेक्षा १० मीटर उंच झाड दृष्टिरेषेत असेल, तर मोआबला ते १० मीटरवर असलं तरी पुरे, मेनमध्ये मात्र ३० मीटर दूर हवं. गर्द झाडीत एवढी मोकळी जागा मिळणं अवघड. म्हणून गाडी लावण्याआधीच दक्षिणेकडचं आकाश बघायचं.

लावायची कशी?

छत्री दोन प्रकारे लावता येते. एक, गाडीच्या टपावर घुमटाच्या आतली, स्वतःच उपग्रह शोधणारी. दुसरी, तिपाईवरची, हाताने फिरवायची. दुसरीचा फायदा असा, की गाडी सावलीत उभी करून छत्री केबलच्या अंतरावर उघड्या आकाशाखाली नेता येते. आमची तिपाईवरचीच होती, ६० सेंटिमीटरची.

१. तिपाईचा खांब ओळंब्यात घ्या. खांब कलला, तर छत्रीमागच्या पट्टीवरचे अंश खोटे ठरतात. वाऱ्याने पडू नये म्हणून पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा.

२. एलिव्हेशन, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, त्या पट्टीवरच लावा. छत्रीच्या तोंडाकडे बघून अंदाज करू नका. या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात. तोंड जवळपास उभं दिसतं, पण सिग्नल बराच वरून येत असतो.

३. मग अझिमथ, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन. होकायंत्र गाडीच्या लोखंडापासून दूर नेऊन वाचा. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो, त्याला चुंबकीय दिक्पात म्हणतात. मोआबला तो सुमारे १० अंश पूर्व आहे. खरा अझिमथ १९५ हवा असेल, तर होकायंत्रावर १८५ वाचायचा.

४. छत्री डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा, शिखर सापडलं की एलिव्हेशन बारीक सरकवा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

५. केबल आरजी-६ घ्या. गाडीच्या भिंतीतल्या साध्या अँटेनाच्या वायरिंगवर विसंबू नका. तिथे अॅम्प्लिफायर किंवा स्प्लिटर असेल, तर छत्रीच्या एलएनबीला लागणारा १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा अडू शकतो.

मग चुकलं कुठे?

मी गणित बरोबर केलं होतं. ११९ अंशासाठी अझिमथ १९५, एलिव्हेशन ४४.३. मोबाइलचं होकायंत्र उघडलं, १० वजा केले, १८५ वर छत्री लावली. डावीकडे फिरवल्यावर १८१ च्या आसपास मीटर जोरात वाजायला लागला. एलिव्हेशन ४५.३ वर सगळ्यात चांगलं आलं. मला वाटलं, एखादा अंश इकडेतिकडे चालतोच. वहीत "११९ अंश, सिग्नल उत्तम" लिहिलं आणि नोंदी सुरू केल्या.

चौथ्या रात्री एका सहकाऱ्याला मॅच बघायची होती. त्याने आमच्या छत्रीला टीव्हीचा रिसीव्हर जोडला. पडद्यावर आलं : उपग्रह ११०.

मोबाइलमध्ये "खरी उत्तर" आधीच निवडलेली होती. मी दिक्पात दुसऱ्यांदा वजा केला होता. मोआबहून ११० चा अझिमथ १८१ आणि एलिव्हेशन ४५.३ येतं. म्हणजे दोन्ही उपग्रहांच्या उंचीत फक्त एका अंशाचा फरक, आणि ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा झोतच जवळपास ३ अंश रुंद. त्यामुळे चुकीच्या उपग्रहावरही मीटर फुल. आणि मीटर तरी काय करणार? साधा मीटर फक्त किती ऊर्जा येतेय ते सांगतो, ती कोणाकडून येतेय हे त्याला कळत नाही.

टीव्ही बघणाऱ्याचं अशा वेळी फार तर काही चॅनेल जातात. आमचा चार दिवसांचा डेटा गोत्यात आला. पाऊस जमिनीपासून ४ किलोमीटर उंचीपर्यंत आहे असं धरलं, तर दोन्ही उपग्रहांकडे जाणाऱ्या वाटा त्या उंचीवर एकमेकींपासून साधारण १ किलोमीटर दूर असतात. त्या भागातला पाऊस छोट्या ढगांचा, इथे कोसळतोय आणि पलीकडे कोरडं. आमचं पर्जन्यमापक १९५ च्या रेषेखाली ठेवलेलं होतं, आणि आम्ही मोजत होतो १८१ च्या रेषेवरचा पाऊस.

डेटा फेकावा लागला नाही. छत्री हलवली नव्हती, म्हणून उपग्रहाचं नाव आणि कोन दुरुस्त करता आले. पण त्या चार दिवसांची पर्जन्यमापकाशी तुलना गेली ती गेलीच. गाईडला फोन केला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वहीत ११९ लिहिलंस, ते कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीटर वाजला, एवढंच.

तुमच्यासाठी

खुणा माझ्या समोरच होत्या. अझिमथ हव्या त्या आकड्यापासून ४ अंश हटलेला आणि एलिव्हेशन १ अंश. दोन्ही मी "चालतंय" म्हणून सोडून दिले. शिवाय पहिलं शिखर सापडताच थांबलो. उजवीकडेही फिरवली असती, तर १९५ ला दुसरं शिखर मिळालं असतं आणि तिथेच शंका आली असती.

आता मी तीन गोष्टी करतो. दुरुस्ती कोणी केली, मी की यंत्राने, हे वहीत लिहितो. पूर्ण पट्टा फिरवून सगळी शिखरं नोंदवतो. आणि डेटा घ्यायला सुरुवात करण्याआधी उपग्रहाची ओळख दुसऱ्या, स्वतंत्र मार्गाने पटवतो. आमच्या बाबतीत तो मार्ग म्हणजे पाच मिनिटं टीव्हीचा रिसीव्हर जोडणं.

तुमचा विषय मातीचे नमुने असो की मुलाखती, जोरदार सिग्नल आला की आधी विचारा : हा कोणाचा? आणि कशावरून?