सिंध वेगळा काढणारा आणि सिंध बुडवणारा

सिंध हा एकेकाळी मुंबई इलाख्याचा भाग होता, हे आता मुंबईकरालाही सांगावं लागतं. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबईला जोडला गेला. तेव्हापासून कराची-सक्करचे निर्णय मुंबईत व्हायचे आणि पावसाळ्यात पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये. लारकाण्याजवळच्या अकिल गावचा एक तरुण जमीनदार १९२०च्या दशकात मुंबईच्या याच कायदे कौन्सिलात निवडून आला. त्याचं नाव मुहम्मद अय्यूब खुहरो, जन्म १९०१चा.

मुंबईतून सिंधची आबाळ होते, हे खुहरोंचं पहिलं राजकीय भांडवल. १९३० मध्ये त्यांनी सिंधच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत पुस्तिका लिहिली आणि वेगळ्या प्रांताची बाजू मांडली. खरं तर ही मागणी १९१३च्या कराची काँग्रेसमध्ये हरचंदराय विशिनदास या हिंदू पुढाऱ्याने आधीच मांडली होती. पुढे हिंदू व्यापारी बिचकले आणि मुसलमान वडेऱ्यांनी, म्हणजे बड्या जमीनदारांनी, ती उचलून धरली. विरोधकांचा मोठा मुद्दा पैशांचा होता: सक्करच्या लॉइड धरणाचं कर्ज असताना हा तुटीचा प्रांत जगणार कशावर? तरीही १ एप्रिल १९३६ला सिंध वेगळा झाला.

पुढचं राजकारण मात्र वडेऱ्यांच्या आपसातल्या कुरघोडीचं झालं. तेव्हाच्या साठ जणांच्या विधानसभेत पक्षापेक्षा घराणी मोठी होती, मंत्रिमंडळं भराभर पडत. १९४३ मध्ये माजी मुख्यमंत्री अल्लाबक्ष सूमरो यांचा शिकारपुरात खून झाला आणि आरोपींत खुहरोंचं नाव आलं. खटल्यातून ते निर्दोष सुटले. एखाद्याची कारकीर्द इथेच संपली असती. हे गृहस्थ ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानातल्या सिंधचे पहिले मुख्यमंत्री झाले.

त्यांचा सगळ्यात उजळ काळ हाच, असं मला वाटतं. ६ जानेवारी १९४८ला कराचीत हिंदू-शिखांवर हल्ले झाले, तेव्हा दंगल आवरायला खुहरो स्वतः रस्त्यावर उतरले. तरी बोटी भरभरून सिंधी मुंबईकडे निघालेच. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून पुढे उल्हासनगर उभं राहिलं. कराची सिंधपासून तोडून केंद्राच्या ताब्यात देण्याला खुहरोंनी विरोध केला. एप्रिल १९४८ मध्ये गैरकारभाराचे आरोप ठेवून जीनांच्या संमतीने त्यांना बडतर्फ केलं गेलं आणि पुढच्या काही महिन्यांतच कराची सिंधच्या हातून गेली. आरोप सगळे खोटे होते असं म्हणवत नाही, पण बडतर्फीची वेळ फार बोलकी आहे. १९५१ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण वर्षही भरलं नाही. पुढाऱ्यांना निवडणुकीच्या राजकारणातून बाद करणाऱ्या ‘प्रोडा’ कायद्याने त्यांनाही गाठलं.

आता १९५४. पूर्व बंगालच्या लोकसंख्येला तोंड देता यावं म्हणून पश्चिमेचे सगळे प्रांत एकत्र करून ‘वन युनिट’ करायचं कराचीतल्या केंद्र सरकारने ठरवलं. सिंधचे मुख्यमंत्री पीरजादा अब्दुल सत्तार यांनी नकार दिला. नोव्हेंबरात त्यांना काढलं आणि त्या खुर्चीवर आणून बसवलं ते अपात्रतेचा डाग लागलेल्या खुहरोंना. आमदारांना धाकदपटशा झाला, अटका झाल्या. ११ डिसेंबर १९५४ला, तोवर मोठ्या झालेल्या विधानसभेने शंभर विरुद्ध चार मतांनी सिंधच्या विसर्जनाला संमती दिली. मुंबईपासून सिंध सोडवण्यात तरुणपण घालवलेल्या माणसाने एकोणीस वर्षांच्या आत तो लाहोरच्या हवाली केला.

मोबदल्यात नव्या पश्चिम पाकिस्तान प्रांतात मंत्रिपद मिळालं, १९५८ मध्ये काही महिने देशाचं संरक्षणमंत्रिपदही. ऑक्टोबरात लष्कराने सत्ता घेतली आणि कालपरवाचे संरक्षणमंत्री तुरुंगात गेले. आरोप काय, तर शेव्हरोले मोटार काळ्या बाजारात विकली!

त्यांच्या कन्या हमीदा खुहरो इतिहासकार आणि पुढे सिंधच्या शिक्षणमंत्री. १९९८ मध्ये त्यांनी वडिलांचं जाडजूड चरित्र प्रसिद्ध केलं. मुलीने लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवूनच ते वाचावं. मात्र त्या काळच्या सिंधी राजकारणाचे इतके बारकावे दुसरीकडे क्वचितच सापडतात.

१ जुलै १९७०ला वन युनिट मोडलं. सिंध पुन्हा प्रांत झाला, कराची पुन्हा त्याची राजधानी झाली. १९८०पर्यंत जगलेल्या खुहरोंनी हेही पाहिलं, पण सत्तेच्या खेळात त्यांना आता जागा नव्हती. लारकाण्याची सूत्रं, आणि पाठोपाठ देशाचीही, गेली ती त्यांच्याबरोबर मुंबई सरकारचा जमाना पाहिलेल्या सर शाहनवाज भुट्टोंच्या मुलाकडे, झुल्फिकार अलींकडे.