सीनेचं पाणी मोजायचं कसं?

अहिल्यानगरजवळच्या नागापुरात एरवी ओढ्यासारखी वाहणारी सीना एका जोरदार पावसात नूर पालटते. ‘पुलाला पाणी लागलं’ म्हणजे नक्की किती? उंची मोजायला खांबावरची पट्टी पुरते. विसर्गासाठी मात्र पात्राचा छेद आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार लागतो. बातम्यांतला एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, साधारण दोन बादल्या.

खरी मेहनत वेगाची. तळाशी, काठाशी पाणी घासत रेंगाळतं, मध्यावर धावतं. म्हणून पात्राचे उभे भाग पाडून प्रत्येकात वेगमापकाची फिरकी सोडतात. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर, कारण तिथला वेग सरासरीच्या जवळ असतो. खोलीबरोबर वेगही वाढतो, म्हणून रुंद पात्रात खोली दुप्पट झाली, तर विसर्ग तिपटीवर जातो. पट्टीवरचा दुसरा मीटर पहिल्याहून कितीतरी जास्त पाणी घेऊन येतो.