शंभर मीटरवरचा रोहित

शीव कोळीवाड्याहून शिवडी दोनच स्टेशनं. जीटीबी नगरला लोकल पकडायची, वडाळा रोड गेलं की दाराशी यायचं. पक्ष्यांच्या फोटोंसाठी टेलिफोटो लेन्स घ्यायला निघालेल्या इथल्या प्रत्येकाला मी सांगतो, आधी एकदा रिकाम्या हाताने शिवडीला जाऊन या. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, किती लांब उभे असतात ते डोळ्यांनी बघा, मग दुकानाची पायरी चढा.

लहान रोहित उभा असतो जेमतेम ८०-९० सेंटिमीटर. तो शंभर मीटरवर असेल, तर ४०० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास उमटते, ६०० मिमीतून पाचच्या आसपास. फुल-फ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी. म्हणजे ६०० लावूनही पक्षी चौकटीचा पाचवा हिस्साच व्यापतो, बाकी सगळा चिखल आणि पाणी. मग फोटो कापून मोठा करावा लागतो आणि पक्ष्याबरोबर लेन्सची प्रत्येक उणीवही मोठी होते. पक्षी टिपणारे शार्पनेससाठी एवढे हटून बसतात ते यामुळे.

पण हे अंतर कमी करायला लेन्सपेक्षा भरती जास्त उपयोगी पडते. ओहोटीला थवा पार लांब पांगतो, पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतो. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट करायची. नवमीला पावणेसात. शिवडीचा काठ पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी ऊन समोरून डोळ्यांत येतं, दुपारनंतर ते आपल्या पाठीशी. त्यामुळे अष्टमी-नवमीची दुपार मला सगळ्यांत आवडते. भांगाची भरती असते, पाणी सावकाश चढतं आणि रोहितांच्या पिसांवर उतरतं ऊन पडतं.

यात अडचण एकच, ती म्हणजे तापलेला चिखल. त्यावरची हवा थरथरत असते आणि त्या थरातून लांबचा पक्षी टिपला की पिसांच्या कडा विरघळतात. पाच लाखांची लेन्सही इथे हात टेकते. कितीतरी जण या फोटोंवरून लेन्स खराब ठरवतात आणि विकून टाकतात. लेन्स पारखायची तर जवळून पारखावी, पंधरा-वीस मीटरवरून, सकाळच्या गारव्यात.

त्यासाठी वर्तमानपत्राचं पान पुरतं. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट चिकटवायचं, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर टायमरवर. झूम असेल तर पूर्ण लांबवून घ्यायचा, कारण बहुतेक झूम तिथेच मऊ पडतात. एक फोटो अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, दुसरा एफ ८ वर. मग संगणकावर शंभर टक्के मोठं करून शिरोरेषा बघायच्या. चांगल्या लेन्सची शिरोरेषा काळी, नेमकी, दोन्ही कडांना सुटी दिसते. मऊ लेन्समध्ये तिला करडी सावली लागते आणि ‘ध’ आणि ‘घ’ ओळखू येत नाहीत. चारही कोपरे तपासावेत. डावीकडची अक्षरं स्वच्छ आणि उजवीकडची पुसट असतील, तर आतलं एखादं भिंग तिरकं बसलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तो नग परत करावा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत एवढा फरक पडू शकतो, म्हणून मी मॉडेलपेक्षा हातातला नग पारखतो.

कागदावर खरी उतरलेली लेन्स मग गच्चीवर न्यावी. आमच्याकडे घारींना तोटा नाही. घिरट्या घालणाऱ्या घारीवर फोकस किती झटकन बसतो, १/१६०० च्या शटरला डोळ्यातला ठिपका सुटा येतो का, हे तिथेच कळतं.

वजनाचा विचार मात्र लोकलच्या गर्दीला धरून करावा. निकॉनची २००-५०० सव्वादोन किलोच्या वर जाते, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी दोन किलोंच्या जरा आत. २०१८ साली आलेली निकॉनची ५०० मिमी पीएफ दीड किलोच्याही खाली आहे. महाग आहे, झूम होत नाही, तरी खाडीकाठी तीन तास हातात धरायची तर माझा कौल तिलाच. हात थकला की फोटो हलतो, मग काचेचा शार्पनेस काय कामाचा?

जुनी लेन्स घेणाऱ्यांनी फोर्टातल्या दुकानात जाताना खिशात छोटी बॅटरी ठेवावी. मागून उजेड टाकून पुढून आडव्या नजरेने बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की ती बुरशी, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते. किंमत कितीही पडलेली असो, अशी लेन्स घेऊ नये. धडधाकट लेन्स घरी आणली, तर जूनच्या आधी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी. जेलचा रंग उतरला की ते तापवून सुकवावं आणि डब्यात परत टाकावं.