चहा, चष्मा, रेल्वेचा पास: यातलं खर्चात काय बसतं?

डोंबिवलीत घरून डिझाइनची कामं करणारे, ठाण्यातली नोकरी सोडून सल्लागार झालेले, कल्याणच्या कोर्टात वकिली करणारे, या सगळ्यांना रिटर्न भरायची वेळ आली की एक सल्ला हमखास मिळतो: "सगळं खर्चात टाका." चहा, पेट्रोल, शर्ट, जिम, मोबाइल, चष्मा, सगळंच. यातलं खरोखर काय टाकता येतं, ते आपण क्रमाने पाहू.

आधी आपण कोणत्या मार्गाने जाणार ते ठरवा. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार, आयटीवाले अशा ठरावीक व्यावसायिकांसाठी १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ४४एडीए आहे. याला अनुमानित उत्पन्न म्हणतात. म्हणजे खर्चाच्या वह्या न ठेवता, वर्षभरात जमा झालेल्या फीचा किमान निम्मा भाग नफा धरायचा आणि त्यावर कर भरायचा. जमेची मर्यादा ५० लाख. रोखीने आलेले पैसे ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाख. दुकान किंवा पोळीभाजी केंद्रासारख्या छोट्या धंद्यासाठी कलम ४४एडी आहे. तिथे नफा किमान ८ टक्के धरतात, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के.

पहिली चूक इथेच होते. या मार्गाने गेलं की सगळे खर्च त्या उरलेल्या निम्म्यात आले, असं कायदा धरतो. वर आणखी नेटचं बिल वजा करता येत नाही. घरून काम करणाऱ्या ज्या व्यावसायिकाचा खरा खर्च जमेच्या निम्म्याहून कमी आहे, त्याने पावत्यांच्या मागे लागूच नये, असं मी स्पष्ट सांगेन.

खर्च त्याहून जास्त असेल, किंवा आपला व्यवसाय या कलमांत बसत नसेल, तर प्रत्यक्ष हिशेब करायचा. ४४एडीएत बसणाऱ्याने निम्म्याहून कमी नफा दाखवला आणि त्याचं एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असलं, तर वह्याही ठेवाव्या लागतात आणि सीएकडून ऑडिटही करून घ्यावं लागतं.

आता प्रत्येक खर्चाची पारख. कलम ३७(१) म्हणतं, खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला हवा, वैयक्तिक नको. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एका सॉलिसिटरचं प्रकरण आलं. डोळ्यांवरच्या उपचारांचा खर्च त्यांनी व्यवसायाचा म्हणून दाखवला होता. डोळ्यांशिवाय वकिली कशी करणार? न्यायालयाने तो मानला नाही. डोळे माणसाला जगण्यासाठीच लागतात, केवळ व्यवसायासाठी नाही. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ज्येष्ठ वकील शांती भूषण यांचा हृदयशस्त्रक्रियेच्या खर्चाचा दावाही फेटाळला होता.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न हा: उद्या हे काम बंद केलं, तर हा खर्च थांबेल का?

आपला रोजचा कटिंग, पान, सिगारेट, जिमची फी, नंबरचा चष्मा हे काम बंद झालं तरी चालूच राहणार. ते बाहेर. ग्राहकासोबत घेतलेला चहा, मदतनिसाचा चहा आत. बिलावर कोणासोबत, कशासाठी एवढं लिहून ठेवा. साधा शर्ट मीटिंगसाठी घेतला तरी बाहेर, कारण तो लग्नालाही घालता येतो. वकिलाचा गाऊन आणि बँड यांचं तसं नाही. ग्राहकाकडे जाताना हेल्मेट नसल्याचं ई-चलान आलं, तर तोही खर्च धरता येत नाही. कायदा मोडल्याचा दंड कधीच व्यवसायाचा खर्च होत नाही.

रेल्वेच्या पासबद्दल नेहमी विचारणा होते. घर हीच कामाची जागा असेल आणि अंधेरीच्या ग्राहकाकडे आठवड्यातून तीन दिवस जायचं म्हणून पास काढला असेल, तर तो खर्चात धरावा. त्याच पासवर रविवारी दादरला जाऊन आलात तरी त्यासाठी वेगळे पैसे पडलेले नाहीत.

सर्वात जास्त घोळ घर आणि धंदा दोन्हीकडे चालणाऱ्या वस्तूंचा होतो. इथे कलम ३८प्रमाणे कामापुरताच हिस्सा घ्यायचा. समजा महावितरणचं बिल ३,००० रुपये आलं आणि तीन खोल्यांपैकी एकीत आपण काम करतो. हिस्सा झाला १,०००. पण संध्याकाळी तीच खोली मुलांच्या अभ्यासाची असेल, तर ५०० धरा. हे गणित कागदावर मांडून ठेवा आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवा. मोबाइल, नेट, स्कूटरचं पेट्रोल यांनाही हेच लागू. घर भाड्याचं असेल तर भाड्याचाही असा हिस्सा निघतो. स्वतःच्या घराचं मात्र स्वतःलाच भाडं दाखवता येत नाही.

लॅपटॉपची पूर्ण किंमत एका वर्षात वजा होत नाही. त्यावर घसारा मिळतो, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीची दरवर्षीची वजावट. संगणकाला दर ४० टक्के. ६०,००० रुपयांच्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी २४,०००. पण त्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी झाला तर निम्मेच, १२,०००. मार्चअखेर घाईने खरेदी करणाऱ्यांची इथे निराशा होते.

पैसे कसे दिले हेही पाहिलं जातं. एकाच दिवशी एकाच माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोखीने दिले, तर खर्च खरा असूनही सहसा नाकारला जातो. कामासाठी वेगळं बँक खातं ठेवा. पेट्रोल पंपाच्या चिठोऱ्यावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा.

आणि खोटा खर्च दाखवण्याचा मोह टाळा. पुरावा नसलेला खर्च चुकीची माहिती ठरला, तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसतो. शिवाय २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र धंद्याच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तिथे उत्पन्न आणखी कमी दाखवून हाती काही लागत नाही. उलट घोडबंदर रोडला किंवा पलावात घर घ्यायची वेळ येते, तेव्हा बँक हीच रिटर्न्स मागते आणि त्यातल्या उत्पन्नावरच कर्ज ठरवते.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, वैयक्तिक खर्चाचा नियम तोच आहे. रिटर्नसोबत पावत्या जोडायच्या नसतात. विचारणा झाली की दाखवाव्या लागतात, आणि ती पुढे काही वर्षांनीही होऊ शकते. तेव्हा वह्या, बिलं आणि तो हिश्शाच्या गणिताचा कागद संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यानंतर सहा वर्षं जपून ठेवा.