हा रंग कुणी चढवला?

सकाळी ७. उसाचा हंगाम चालू आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरून ट्रॉल्या पहाटेपासून खडखडत जाताहेत. पाटसमधल्या माझ्या घरात कामाचं टेबल उत्तरेच्या खिडकीला लावलेलं आहे. तिथे थेट ऊन येत नाही, पण उजेड स्वच्छ असतो, आणि तांब्याचा रंग अशाच उजेडात पाहावा. पिवळ्या बल्बखाली लालसर आणि तपकिरी यांतला फरक पुसला जातो, घासून टाकलेलं नाणंही देखणं वाटायला लागतं. पुणे, बारामती, सोलापूरकडचे संग्राहक नाणी पाठवतात. बहुतेकांना एकच विचारायचं असतं: रंग आपसूक चढलाय की कुणी चढवलाय?

सकाळी ८. आधी शिवराई. शिवाजी महाराजांच्या ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेला हा तांब्याचा पैसा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं कडं, वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम. महाराजांनंतरही शिवराई पाडली जात राहिली आणि पेशवाई संपल्यावरही बाजारात चालली. म्हणजे कित्येक पिढ्यांच्या हातांनी ती झिजवली आहे. माझी सगळी पारख या झिजेपासून सुरू होते. तांब्यावर आधी हवेतल्या ऑक्सिजनचा लालसर-तपकिरी थर बसतो, गंधकाने तो काळपट होतो, आणि ओल मिळत राहिली की हिरवा कळंक धरतो. हे सगळं चालू असताना नाणं कनवटीला, गल्ल्यात, तळहातावर घासत असतं. त्यामुळे अक्षरांचे माथे गुळगुळीत आणि थोडे फिके पडतात, अक्षरांच्या कुशीत मात्र थर दाट राहतो. रंग आणि झीज यांचा असा मेळ बसला पाहिजे.

आजच्या नाण्यात तो बसत नाही. ‘छत्र’ पार सपाट झालंय, तरी माथ्यावरही खोलगट भागाइतकाच गडद चॉकलेटी रंग आहे. दहापट भिंगाखाली त्याच रंगाखालून बारीक समांतर ओरखडे दिसतात. नाणं आधी घासलं, मग रंगवलं. शिवराई खरी आहे, तिच्यावरचा रंग अलीकडचा आहे.

सकाळी १०. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा पाव आणा, निळ्या-जांभळ्या छटांचा. विकणाऱ्याने त्यासाठी साध्या तपकिरी नाण्याच्या कितीतरी पट किंमत मागितली आहे. निळा रंग दिसला की खोटं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. जुन्या गंधकयुक्त कागदात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या नाण्यावरही अशाच छटा येतात, कारण तो पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे. पण तव्यावर तापवूनही तेच रंग काही मिनिटांत उमटतात. म्हणून रंग कोणता यापेक्षा तो कसा पसरलाय हे मी पाहतो. सावकाश चढलेला रंग बहुधा कडेकडून आत सरकतो आणि अक्षरांपाशी अडखळतो, तिथे त्याची छटा बदलते. इथे तो मैदान, अक्षरं, राणीचा गाल, सगळ्यांवरून एकाच लाटेत गेलाय. नाणं तिरकं फिरवलं तर टाकसाळीची चकाकी किरणांसारखी फिरायला हवी. ती मेलेली आहे.

वजनही घेतो. १९०६ च्या आधीचा तांब्याचा पाव आणा ६.४७ ग्रॅमचा, नंतरचा कांस्याचा ४.८६ ग्रॅमचा. कांस्यात कथिल आणि जस्त मिसळलेलं, म्हणून दोघांचे रंग एका मापाने मोजत नाही.

दुपारी १२. गॅस बंद, खिडक्या उघड्या, काचेच्या वाटीत ॲसिटोन. नाणं फक्त बुडवायचं, चोळायचं नाही. बुटाचं पॉलिश, तेल, लाखेचा लेप असेल तर वाटीत उतरतो. तांब्याला ॲसिटोनचा काही त्रास नाही. मात्र वाटी स्वच्छ राहिली म्हणून नाणं निर्दोष ठरत नाही. गंधक-पोटॅशच्या पाण्याने काळं केलेलं तांबं ॲसिटोनला दाद देत नाही, कारण तो थर धातूशी संयोग होऊनच बनलेला असतो.

दुपारी ३. भीमाकाठच्या गावातला एक मुलगा आला. रुमालात चार-पाच शिवराई, सगळ्या गुलाबी, लख्ख.

“काका, लई काळी होती. आज्जीनं चिंच लावून घासली.”

“कुठं सापडली रे?”

“रानात. नांगरताना.”

मी भिंग लावलं. कळंकासोबत अक्षरांची धारही गेली होती. चिंचेचं आम्ल थर विरघळवतं आणि उघडं पडलेलं तांबं घासताना ओरबाडलं जातं.

“परत काळी करून देता का?”

करता येईल, पण करणार नाही, असं मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, तेव्हा त्याला खुर्चीवर बसवून उरलेली अक्षरं वाचून दाखवली. कोरड्या पाकिटात ठेवली तर पाच-दहा वर्षांत ती स्वतःच तपकिरी होऊ लागतील. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कुठल्या गटात, किती खोल, भांड्यात की सुटी, हे सगळं मी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि अर्जाचा मसुदा त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी ५. तिरप्या उजेडात हिरवी नाणी. जुना मुरलेला हिरवा थर टणक असतो, लाकडी काडीने खरवडत नाही. गोंदात कालवून चिकटवलेला हिरवा काडीलाच लागतो. तिसरा प्रकार फिकट, पिठासारखा, खड्ड्यांतून वर येणारा. तो अस्सल असूनही घातक, कारण आतले क्षार ओल मिळाली की तांबं खातच राहतात. असं नाणं वेगळं काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवतो.

रात्री ८. उत्तरं लिहायची. माझ्या वहीत तीन शेरे आहेत: आपसूक, चढवलेला, सांगता येत नाही. तिसऱ्यावर लोक नाराज होतात, पण नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगाने जेवढं कळतं तेवढंच मी लिहितो. पाव आणा पाठवणाऱ्याला लिहिलं: रंग तापवून आणलेला वाटतो. घ्यायचंच असेल तर घासलेल्या तपकिरी नाण्याच्या भावाने घ्या, आणि पीव्हीसीच्या पाकिटातून आजच बाहेर काढा.