रानात विमान उडवण्याआधी

सुगी संपली, ज्वारीच्या कडब्याच्या गंजी लागल्या की धाराशिव जिल्ह्यातली रानं पार उमरग्यापर्यंत मोकळी दिसू लागतात. रिमोटचं विमान नव्यानं घेतलेल्या पोराला वाटतं, एवढं मोठं रान असताना कशाला काय धडकेल? पहिला गैरसमज इथेच सुरू होतो. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उगीच उभ्या राहिलेल्या नाहीत. तिथला वारा शिकाऊ हाताला पेलणारा नसतो. डोंगरकडेच्या आडोशाला हवा शांत असेल असं वाटतं, पण वारा कडा ओलांडून खाली कोसळतो तिथेच तो सर्वांत बेभरवशाचा असतो. त्यात ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून झोत उठतात. म्हणून नवख्यानं सकाळी लवकर, सपाट रानात आणि विजेच्या तारांपासून लांब उडवावं. विमान तारेत अडकलंच तर काठीनं काढायला जाऊ नये, थेट महावितरणला कळवावं.

‘खेळणंच तर आहे’ हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. एक किलोचं विमान ताशी 50 किलोमीटर वेगानं आलं, तर त्याची ऊर्जा ताशी 120 किलोमीटरनं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडी जास्तच भरते. शिवाय पुढे मिनिटाला हजारो फेरे घेणारा पंखा. त्यामुळे घरात जोडणी तपासताना पंखा काढून ठेवावा. मैदानात आधी ट्रान्समीटर सुरू करून मगच विमानाची बॅटरी जोडावी; बंद करताना क्रम उलटा. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप थांबेल अशी सोय बहुतेक रिसीव्हरमध्ये असते. ती नीट लावली आहे का, हे पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवरच पाहून घ्यावं.

आता हातातल्या चुकांकडे. सर्वांत जास्त विमानं याच चुकांनी मोडतात. विमान खाली येतंय असं दिसलं की नवखा माणूस स्टिक मागे ओढतो, कारण नाक वर केलं की विमान वर जाईल असं त्याला वाटतं. वेग आधीच कमी असेल तर होतं उलटंच: पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो, उचल संपते आणि विमान एका पंखावर कोसळतं. यालाच स्टॉल म्हणतात. अशा वेळी स्टिक सैल सोडून नाक जरा खाली जाऊ द्यायचं आणि मोटरला जोर द्यायचा. तेवढी जागा खाली हवी, म्हणून शिकाऊ माणसानं फार खालून उडवणंच धोक्याचं. वळणात हा धोका आणखी वाढतो. उंची न सोडता 60 अंश कलून वळलं, तर स्टॉलचा वेग जवळपास 41 टक्क्यांनी वर जातो.

वाराही डोळ्यांना फसवतो. ताशी 35 किलोमीटरनं उडणारं विमान 20 किलोमीटरच्या वाऱ्याबरोबर निघालं की जमिनीवरून 55चं दिसतं. फार पळतंय म्हणून उडवणारा मोटर कमी करतो आणि विमान पडतं. पंखांना मात्र 35चाच वेग कळत असतो.

विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. यावर जुन्या हौशींची सोपी युक्ती आहे: जो पंख खाली झुकलेला दिसेल, स्टिक त्याच बाजूला न्यायची; पंख वर येतो. हे हाताच्या अंगवळणी पडायला काँप्युटरवरच्या सिम्युलेटरसारखं दुसरं साधन नाही. त्याला पोरखेळ समजणाऱ्यांचीच पहिली विमानं लवकर मोडतात. पहिलं विमान पंख वरच्या बाजूला असलेलं, फोमचं, हळू उडणारं घ्यावं. लढाऊ विमानाच्या आकाराचा मोह नंतरसाठी ठेवावा.

‘परवाना लागत नाही, म्हणजे नियमच नाहीत’ हा समज तर आणखी महागात पडू शकतो. 2021 चे ड्रोन नियम फक्त चार पंख्यांच्या ड्रोनपुरते नाहीत. पंखांची विमानंही त्यात येतात. दोन किलोपर्यंतचं विमान हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही, हे खरं. पण नोंदणीची अट नियमांत आहे, 250 ग्रॅमच्या वर तृतीय पक्ष विमाही आहे आणि हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न घेता उडवता येणाऱ्या क्षेत्रात उंचीची मर्यादा 400 फूट आहे. चालू विमानतळाच्या आसपास मर्यादा आणखी कडक होतात. धाराशिवजवळही धावपट्टी आहे, त्यामुळे अंदाजानं न उडवता क्षेत्रांचा नकाशा पाहावा. तात्पुरतं लाल, म्हणजे परवानगीशिवाय उड्डाणबंदी असलेलं क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकारही सरकारला आहे, तेव्हा नवरात्रातल्या तुळजापुरासारख्या गर्दीच्या आसपास विमान काढूच नये.

नियमांइतकंच गावाला सांगणं गरजेचं आहे. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात काही ठिकाणी रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेनं लोक धास्तावले होते. अशा भागात अनोळखी पोरं आकाशात काहीतरी उडवताना दिसली, तर शंका येणारच. शेतमालकाची परवानगी घ्यावी, पोलीस पाटलांच्या कानावर घालावं आणि दिवसाउजेडीच उडवावं.

राहिली बॅटरी. लिथियम पॉलिमर बॅटरी मोबाइलच्या बॅटरीसारखी कुठेही टाकून ठेवता येते, असं अनेकांना वाटतं. पण तिला मोबाइलसारखं संरक्षक कवच नसतं. चार्जिंग बॅलन्स चार्जरनं, समोर बसूनच करावं. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये. काही दिवस ठेवायची असेल तर 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावी. उन्हाळ्यात बंद गाडीत तर ती कधीच सोडू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज न करता वेगळी काढावी आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.

शिकवणारा माणूस शोधायचा असेल, तर महाविद्यालयातल्या एनसीसीच्या हवाई शाखेकडे आधी चौकशी करावी. त्यांच्या प्रशिक्षणात एअरोमॉडेलिंग आहे आणि अखिल भारतीय वायु सैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात.